हिवाळ्यापुरते बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातले काहीतरी सांगा’ अशी आज्ञा केली, तेव्हाच मी ठरवून टाकले की उंच इमारती आणि मोठाली दुकाने यांविषयी बोलायचे नाही. ती आता आपल्याकडेही झाली आहेत आणि उरलेली नातवंडे फोनवर दाखवितात. मी आज सांगणार आहे तो तिकडच्या वयस्कर माणसांचा एक रिवाज.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सडेफटिंग माणसाला लावतो. परंतु कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्वतःची घरेदारे असलेली, नातवंडांत रमण्याच्या वयाची, पेन्शनीत निघालेली कितीतरी जोडपी थंडी पडू लागली की असेच बिऱ्हाड मोटारीमागे बांधतात आणि दोन-अडीच हजार किलोमीटर दक्षिणेस उन्हाच्या मुलखात जातात. चार-पाच महिने तेथे काढून बर्फ वितळू लागले की परत येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे बर्फाच्या देशातली पाखरे, असे म्हणतात. आपल्या ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी हिवाळ्यात येऊन पावसाच्या आधी निघून जातात, तसाच हा प्रकार. आणि पाखरांचेच कशाला? दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले असतील.

माझी थोरली मावसबहीण कॅलगरीस राहते. मी तिला अक्का म्हणते. ती आणि भाऊजी सेवानिवृत्त झाल्यापासून असेच जातात. २०२४ च्या जानेवारीत मी फिनिक्स शहरी विमानाने उतरले, दोन महिने त्यांच्या बिऱ्हाडात राहिले आणि मार्चअखेर त्यांच्याबरोबर सडकेने कॅलगरीस परतले. तेव्हा मी सांगते ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेले आहे.

प्रथम, माणसे जातात का, ते पाहू. कॅलगरीच्या हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच दिवस मावळतो. दारापुढचा बर्फ रोज उपसावा लागतो आणि तो उपसताना हृदयविकाराचा झटका आलेली माणसे प्रत्येकाच्या माहितीत असतात. पायवाटेवर बर्फाची काच होते. सत्तरीच्या बाईचा पाय घसरला की खुब्याचे हाड मोडलेच. म्हणून म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, आणि बाहेर पडत नाहीत म्हणून आणखी खचतात. अक्का म्हणाली, “थंडीचे काही नाही ग. चार-चार दिवस माणसाचे तोंड दिसत नाही, ते सोसवत नाही.”

हा रिवाज आजचा नाही. मोटारी मध्यमवर्गाच्या हाती आल्या, तेव्हाच तो सुरू झाला. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा शहरी डी सोटो उद्यानात अशा प्रवाशांनी एक संघ स्थापन केला आणि त्याला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे ‘पत्र्याच्या डब्याचे प्रवासी’, असे नाव दिले. खूण म्हणून ते मोटारीच्या पुढच्या बाजूस पत्र्याचा एक रिकामा डबा लावीत. आज पूर्वेकडची माणसे बहुधा फ्लोरिडात उतरतात. मधल्या प्रांतांतली टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात जातात, तेथे त्यांना कौतुकाने ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. आणि पश्चिमेकडची ॲरिझोनाच्या वाळवंटात येतात.

आता ते बिऱ्हाड कसे असते ते सांगते, कारण भगिनींना त्याचीच उत्सुकता अधिक असणार. अक्काचा ट्रेलर चोवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. एवढ्यात पलंग, न्हाणीघर, शेगडी, शीतकपाट आणि जेवणाचे मेज. ते मेज खाली पाडून त्यावर गाद्या घातल्या की पाहुण्याचा पलंग होतो. त्यावर मी दोन महिने झोपले. शीतकपाट गॅसवर चालते. मात्र ट्रेलर सपाट उभा नसेल तर ते नीट काम देत नाही. म्हणून मुक्कामी पोचताच पहिले काम चाकांखाली फळ्या सारून जमीन सारखी करण्याचे. गॅसची गळती किंवा विषारी वायू झाल्यास ओरडणारी यंत्रे भिंतीवर असतात. त्यांची चाचणी घेतल्याशिवाय अक्का शेगडी पेटवीत नाही.

पाण्याची टाकी सुमारे दीडशे लिटरची. आम्ही तिघे ती पाच दिवस पुरवीत होतो, म्हणजे माणशी दिवसाला दहा लिटर. भांडी आधी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात विसळायची. अंग ओले करून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ. ट्रेलरखाली आणखी दोन टाक्या असतात, एक सांडपाण्याची आणि दुसरी मैल्याची. त्या भरल्या की ठरविलेल्या जागी नेऊन रिकाम्या करायच्या. आपला कचरा आणि आपली घाण आपण वाहून न्यायची, हा तेथला पहिला धर्म. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या पाण्यावर संसार केलेल्या बाईला ही विद्या शिकवावी लागत नाही. अक्काला लहानपणची सोलापूरकडची सवय कामी आली.

सामान भरण्याचेही शास्त्र आहे. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. तेच येथे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढे मोटारीच्या आकड्यावर पडला पाहिजे. तो कमी पडला तर भर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही घेऊन जातो. म्हणून पिठाचे डबे, कुकर, हत्यारांची पेटी असले जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, आणि मागच्या कपाटात पांघरुणे. अक्काचा मिसळणाचा डबासुद्धा रबरी पट्ट्याने बांधलेला असे.

निघण्यापूर्वी कॅलगरीच्या घराची सोय लावावी लागते. पाणी मुख्य नळाशी बंद करून नळ्या रिकाम्या करायच्या, नाहीतर आतले पाणी गोठून त्या फुटतात. घर थोडे ऊबदार ठेवायचे आणि शेजाऱ्याने वरचेवर आत डोकावून जावे अशी व्यवस्था करायची. नाहीतर घराच्या विम्याची भरपाई मिळण्यास अडचण येते. ट्रेलरच्या नळ्यांतही गोठू नये असे गुलाबी औषध भरलेले असते. उटाहचा थंड मुलूख मागे पडेपर्यंत ट्रेलरचा नळ उघडायचा नाही, पाणी कॅनमधून घ्यायचे.

आम्ही राहिलो ते गाव क्वार्ट्झसाइट. फिनिक्सच्या पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या अलीकडे. २०२० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती अडीच हजारांहूनही कमी भरली. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गाव ओस पडते. परंतु जानेवारीत पाहावे तो क्षितिजापर्यंत पांढरे ट्रेलर. दिवसा वीस अंशांचे कोवळे ऊन, रात्री चार-पाच अंशांची थंडी, पाऊस जवळजवळ नाही. गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाचे सरकारी माळरान आहे. सरकारी जमिनीवर इतरत्र एका जागी चौदा दिवसांहून अधिक राहू देत नाहीत. परंतु १९८३ पासून अशी काही माळराने दीर्घ मुक्कामासाठी ठेवलेली आहेत. पंधरा सप्टेंबर ते पंधरा एप्रिल हा त्यांचा मोसम. शुल्क भरावे आणि आवडेल तेथे ट्रेलर उभा करावा. वीज नाही, ती छपरावरच्या सौर पत्र्यांतून मिळवायची. पाण्याचा नळ, टाक्या रिकाम्या करण्याची जागा आणि कचऱ्याची सोय, एवढे मात्र सरकार पुरविते.

गावच्या स्मशानभूमीत एक दगडी पिरॅमिड असून त्यावर धातूचा उंट आहे. १८५६ साली अमेरिकन लष्कराने वाळवंटासाठी उंट आणविले, त्यांच्याबरोबर हादजी अली नावाचा उंटवाला आला. तिकडच्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचा ‘हाय जॉली’ झाला. तो १९०२ साली येथेच वारला आणि १९३५ साली त्याचे हे स्मारक उभारले. परक्या मुलखातून आलेल्या उंटवाल्याची समाधी हे फिरस्त्यांच्या गावाचे मुख्य भूषण असावे, याची मला मौज वाटली.

तेथला दिवस कसा जातो म्हणाल, तर आपल्या जुन्या चाळीसारखा. सकाळी सगळे चहाकॉफीचे पेले घेऊन दाराबाहेर खुर्च्या टाकतात. कोणी रंगीत दगड शोधायला जातो. या गावी १९६७ पासून दगड-रत्नांची जत्रा भरते. कोणी गोधड्या शिवतो, आणि त्यांत पुरुषही असतात. दक्षिणेस युमाकडे हिवाळ्यात पालेभाजीची मोठी शेती होते, त्यामुळे कोथिंबीर ताजी मिळे. युमापलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत लॉस अल्गोदोनेस नावाचे छोटे गाव आहे, त्यात शेकडो दंतवैद्य. स्वस्तात दात बसवून घ्यायला ही म्हातारी मंडळी तेथे रांगा लावतात. संध्याकाळी शेकोटीभोवती गप्पा. अक्काने एकदा भाकरी आणि पिठले केले, तर पाच ट्रेलरांतली माणसे ताटल्या घेऊन आली. कॅलगरीत आठवड्यात चार शब्द न बोलणारी अक्का येथे संध्याकाळपर्यंत बोलून घसा बसवून घेई.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल, काय सुखी माणसे! तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडात औषधपाणी सरकारी विम्यातून होते, पण तो हक्क राखण्यासाठी वर्षातले ठराविक दिवस आपल्या प्रांतात राहावे लागते. ओन्टारिओ प्रांतात बारा महिन्यांतून १५३ दिवस. अमेरिकेत कॅनडाच्या नागरिकास बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. मात्र करासाठी चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा अशी बेरीज धरतात आणि ती १८३ झाली की भानगड सुरू होते. अमेरिकेतले इस्पितळ तर माणसाला भिकेस लावील इतके महाग. म्हणून प्रवासाचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि जुने दुखणे किंवा बदललेले औषध सांगायचे राहिले तर तो विमा आयत्या वेळी उपयोगी पडत नाही. पुढे २०२५ च्या एप्रिलपासून तीस दिवसांहून अधिक राहणाऱ्यांसाठी नोंदणीचा नियम आला. त्याच वर्षी दोन देशांत जकातीवरून बेबनाव झाला आणि कॅनडातून अमेरिकेत जाणाऱ्यांची संख्या बरीच घटली.

आणखी एक गोष्ट. त्या माळरानावर सगळेच हौसेने आलेले नव्हते. २००८ च्या मंदीत ज्यांची घरे गेली, ज्यांची पुंजी बुडाली, अशी साठी उलटलेली माणसे, त्यांत एकट्या बायाही पुष्कळ, गाडीतच राहू लागली आणि मिळेल तेथे हंगामी मजुरी करू लागली. जेसिका ब्रूडर या लेखिकेने त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. अक्काच्या शेजारच्या ट्रेलरमागे कॅनडात एक घर होते. त्याच्या पलीकडच्या जुन्या व्हॅनमागे काहीच नव्हते. खुर्च्या मात्र एकाच शेकोटीभोवती होत्या.

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळते.

फेब्रुवारीत आमच्या समोरच्या ट्रेलरमधील गृहस्थांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. वय शहात्तर. गावात कोणाकडे तरी दूरध्वनी गेला, रुग्णवाहिका आली, त्यांना फिनिक्सला नेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी. पंचावन्न वर्षे संसार केलेली, हुशार, हसतमुख बाई. परंतु त्यांना तो ट्रेलर मोटारीपासून सोडविता येत नव्हता, जोडता येत नव्हता, आणि मोठी मोटार त्यांनी जन्मात चालविली नव्हती. विम्याचे कागद कोठल्या पेटीत आहेत ते ठाऊक नव्हते. विमा कंपनीने फोनवर विचारले, यजमान कोणती औषधे घेतात, गेल्या सहा महिन्यांत कोणते बदलले. त्यांना सांगता येईना. “ते सगळे हेच पाहत असत,” एवढेच त्या म्हणत राहिल्या. घरापासून अडीच हजार किलोमीटरवर, वाळवंटात, स्वतःच्याच घराच्या दारात ती बाई परक्यासारखी उभी होती.

माळरानावरची माणसे धावली. एकाने गॅस बंद केला, एकीने कपाटे बांधली, अक्काने पेट्या उपसून कागद शोधून काढले. आणि तो ट्रेलर फिनिक्सपर्यंत कोणी ओढून नेला असेल? एकाहत्तर वर्षांच्या एका विधवा बाईने! ती एकटीच हिवाळ्याला येत असे. नवरा गेल्यावर पुरुषांनी तिला ‘आता ट्रेलर विकून टाका’ असा सल्ला दिला होता. तिने तो ऐकून घेतला आणि शिकवणी लावली.

अशा बाया तिकडे पुष्कळ आहेत, असे मला मग कळले. १९९१ साली अशा स्त्रियांनी ‘आरव्हीइंग विमेन’ नावाची संस्था काढली, तेथे बाया बायांना गाडी जोडणे, हाकणे, दुरुस्त करणे शिकवितात. त्याआधी १९७८ साली के पीटरसन आणि त्यांचे यजमान जो पीटरसन यांनी ‘एस्केपीज’ हा फिरस्त्यांचा संघ काढला. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे त्यांनी एक केंद्र चालविले, तेथे थकलेल्या किंवा आजारी सभासदाला आपल्याच ट्रेलरमध्ये राहून शुश्रूषा मिळत असे. भगिनींनो, ही मंडळेच आहेत. फरक इतकाच की त्यांच्या सभागृहाला चाके आहेत.

दुसऱ्याच दिवशी अक्काने त्या विधवा बाईची शिकवणी धरली. मोकळ्या माळावर चार बादल्या मांडल्या आणि त्यांच्यामधून ट्रेलर मागे न्यायचा. मागे नेणे हेच सर्वांत कठीण, कारण मोटार डावीकडे वळविली की ट्रेलर उजवीकडे जातो. बाईंनी एक युक्ती सांगितली: हात चाकाच्या वरच्या बाजूला न ठेवता खालच्या बाजूला ठेवायचा, मग ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा. अक्काने पहिल्या दिवशी तिन्हीत्रिकाळ बादल्या चेपल्या. आठव्या दिवशी एकही बादली हलली नाही. परतताना उटाहच्या सपाट सडकेवर तिने एका दिवसात तीनशे किलोमीटर ट्रेलर ओढला. भाऊजी शेजारी बसून प्रथम दर मिनिटाला सूचना देत होते. शंभर किलोमीटरनंतर त्यांना झोप लागली. अक्का म्हणाली, “एवढी मोठी पावती मला आजवर मिळाली नव्हती.”

आता कोणी म्हणेल, आम्हांला कोठे वाळवंटात ट्रेलर न्यायचा आहे? खरे आहे. पण आपल्या घराला चाके नाहीत म्हणून ते कधी अडत नाही असे थोडेच आहे! घरातल्या पुरुषाने अंथरूण धरले की बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, गॅसची आणि विजेची खाती, सोसायटीचे भागपत्र, फोनचे गुप्त आकडे, औषधांची यादी यांतले किती आपल्याला सापडेल? उलट बाई आजारी पडली तर साखरेचा डबा तरी यजमानांना सापडेल का, हेही विचारण्याजोगे आहे. संसार दोघांचा, तर त्याची कळ दोघांनाही ठाऊक हवी. माहेरी आपल्याला सांगत, अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडली पाहिजे. तेच मी म्हणते, फक्त काडेपेटीच्या जागी कागदपत्रे.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. एक, येत्या वर्षात हळदीकुंकवाचे एक वाण म्हणून प्रत्येकीस एक वही द्यावी आणि तिच्यात घरातल्या माणसांची औषधे, विमे, खाती आणि जवळच्यांचे फोन नोंदवून ती घरातल्या सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी. बँकेचा व्यवहार स्वतः कसा करावा याचे दोन वर्गही घ्यावेत. शिकविणाऱ्या आपल्यातच आहेत. दुसरी सूचना अशी की, आपल्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया किती आहेत याची यादी करून दोन दोन सभासदांनी त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जावे. रिकाम्या घरातसुद्धा शेजाऱ्याने डोकावावे असा तिकडे विम्याचा नियम आहे. आपल्याकडे भरल्या घरात डोकावायला नियमाची गरज पडू नये.

माणूस म्हातारपणी उबेसाठी कोठे कोठे जातो! अक्काला ती ॲरिझोनाच्या उन्हात मिळाली. पण ते ऊन ढगांनी झाकले त्या दिवसांतही माळरानावर कोणी कुडकुडत बसलेले मी पाहिले नाही, कारण कोणाच्या ना कोणाच्या शेकोटीला एक खुर्ची मोकळी असे. तशी एक खुर्ची आपल्या मंडळात नेहमी मोकळी असावी आणि ती रिकामी राहू नये, अशी मी इच्छा करते.